मुरमाड माळावर बिनपाण्याचं कुठलं गवत टिकतं? (नेपिअर वाळून गेलं)

माणदेशी_माळकरी

राम राम मंडळी. गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. माळ ३ एकर, वरती वीतभर माती की खाली मुरूम, पहार मारली तर ठिणगी उडते असली जमीन. शिवाय ४ एकर जरा बरी हाय, तिथं रब्बीला मालदांडी ज्वारी आणि जमलं तर बाजरी-मटकी. विहीर हाय पण फेब्रुवारीत तळ दिसतो. जनावरं म्हणाल तर २ संकरित गाई, १ खिलार गाय, १ बैल आणि १२ शेळ्या (उस्मानाबादी म्हणून घेतलेल्या, आता सगळी खिचडी झालीय).

मागच्या वर्षी व्हिडिओ बघून हायब्रीड नेपिअरच्या कांड्या आणल्या, १० गुंठे लावलं. जानेवारीपर्यंत खरंच डोक्याएवढं, मी फोटो काढून ग्रुपवर टाकत होतो. मार्चमध्ये विहिरीनं मान टाकली आणि एप्रिलात सगळं कागदासारखं. बायको म्हणाली गाईपेक्षा गवतालाच जास्त पाणी पाजताय. त्यावर बोलायला काय नव्हतं माझ्याकडं.

२०१९ ला आमची जनावरं चारा छावणीत होती, वडील तिथंच पालात मुक्कामाला, आणि मी रोज डबा घेऊन जायचो. ते परत बघायचं नाय म्हणून विचारतोय. माळावर आत्ता कुसळी गवत येतं, दसऱ्यानंतर त्याला कोण तोंड लावत नाय, शेळ्यांच्या जिभंत कुसळं रुततात. अंजन, मारवेल, स्टायलो अशी नावं ऐकली. यातलं काय लावू, बी की ठोंब, आणि आधी तणनाशक मारून कुसळी मारावी का? कुणी खरंच करून बघितलंय त्यांनीच सांगा, व्हिडिओच्या लिंका नकोत.

विहिरीचा_तळ

नेपिअर हा उसाचा चुलतभाऊ आहे राव, पाणी असलं की नवरदेव, नसलं की फरार. मी पण फसलोय, फरक इतकाच की मी अर्धा एकर फसलो.

खडकाळ_शेती

दादा, आटपाडीकडचा आहे मी, तुमच्यासारखाच माळ, सात वर्षं झाली या उद्योगाला, त्यामुळं जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तणनाशक अजिबात मारू नका. कुसळी वाईट गवत नाही, तुम्ही त्याला वाईट होईपर्यंत उभं ठेवता एवढंच. फुलोऱ्यावर यायच्या आत कापा, गाई हपापल्यासारखी खातात. ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा कापून सावलीत वाळवून गंज लावलीत तर तो चारा कडब्याच्या तोडीचा. कुसळ धरलं की त्यातला कस बियात जातो आणि खाली काडी राहते, मग जनावर तोंड लावत नाही यात त्याची काय चूक. तुमच्या माळाला पहिल्या वर्षी नवीन काहीच लावू नका, फक्त जूनपासून जनावरं बंद करा आणि विळा वेळेवर चालवा. मी पहिल्या वर्षी एवढंच केलं आणि दुसऱ्या वर्षी माळावर आपोआप पवन्या उगवला, मारवेलचे पण दोन-चार ठोंब बांधाच्या कडेनं दिसले. ते होतेच तिथं. शेळ्या त्यांना वर येऊ देत नव्हत्या. चांगलं गवत जनावर आधी खातं, वाईट शेवटी, मग दहा वर्षांनी माळावर राहणार काय? कुसळी.

आता लावायचं झालं तर मुरमाडावर माझी पसंती मारवेल. राहुरी विद्यापीठाचं मारवेल-८ आणि फुले मारवेल ०६-४० हे दोन वाण आहेत, मी दुसरा लावला. पान मऊ, काडी बारीक, वाळवलं तरी जनावर टाकत नाही. उन्हाळ्यात वरून साफ वाळतं, तुम्हाला वाटेल मेलं, पण गड्डा जिवंत असतो आणि वळवाचा एक पाऊस पडला की चार दिवसांत हिरवी टोकं. पण एक हिशोब आधीच सांगतो म्हणजे नंतर शिव्या घालणार नाही. दीड फुटावर ओळ आणि ओळीत फुटावर ठोंब धरला तर एकराला २९ हजार ठोंब लागतात. विकत आणायला जाल तर गाय विकावी लागेल. त्यापेक्षा विहिरीजवळ एकच गुंठा लावा, त्यात ७०० च्या आसपास ठोंब बसतात, त्याला वर्षभर बादलीनं का होईना पाणी द्या, आणि पुढच्या पावसाळ्यात एकेक ठोंब फोडला की २०-२५ निघतात. म्हणजे तुमच्याच घरची १५ हजार रोपं. मी असंच केलं, ठोंबाला एक रुपया घातला नाही, पहिले ठोंब तर एका पाहुण्याच्या बांधावरून पोत्यात भरून आणलेले.

आणि सगळा माळ नांगरू नका हं, वीतभर माती पहिल्या वळवात खाली ओढ्यात जाईल. उताराला आडवे समपातळी चर काढा, चराच्या खालच्या भरावावर मारवेल लावा, ओल तिथंच थांबते. मधल्या पट्ट्यात कुसळीच राहू दे आणि पावसाच्या तोंडावर त्यात स्टायलोचं (शेंगवर्गातला चारा) बी फेका.

लावणी कधी, तर आपल्याकडं मृग-आर्द्रा म्हणजे नुसते ढग येऊन जातात, त्यामुळं कॅलेंडर बघून लावू नका. टिकाव मारून बघायचं, वीतभर खाली ओल गेली असली की लावायचं. माझ्या पहिल्या लावणीचे निम्मे ठोंब मी जूनच्या एका सरीवर भुलून लावले आणि घालवले.

जतची_ताई

खडकाळ दादांचं सगळं पटलं. मी अंजनचं सांगते कारण मी त्यात तोंडावर आपटलेय.

आम्ही जत तालुक्यातले, गाई दोन आणि माडग्याळी मेंढ्या आठ. बुंदेल अंजन-३ चं बी मिळालं एका ठिकाणी, अगदी ताजं, त्याच वर्षी झाडलेलं, मी म्हटलं वा नशीब. एकरभर फेकलं. दहा टक्केसुद्धा उगवलं नाही. देणाऱ्याशी भांडायला गेले तर तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी समजावलं की बाई, अंजनचं नवं बी झोपलेलं असतं, सहा-आठ महिने जुनं झाल्याशिवाय ते उठत नाही. ताजं म्हणून जास्त पैसे दिलेले मी!! उरलेलं पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं, पुढच्या वर्षी काढलं तर बऱ्यापैकी उगवलं.

तेव्हापासून बी पेरायच्या आधी मी एक करते. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर मोजून शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करून माठाजवळ ठेवायची, सुकू द्यायची नाही. दहाव्या दिवशी उघडून मोजायचं. तीसच्या आत निघाल्या तर पेरायचं नाही, किंवा बी दुप्पट घ्यायचं. माझी मुलगी हे मोजायला बसते, तिला गंमत वाटते.

दुसरं म्हणजे अंजनचं बी म्हणजे नुसता कापूस. हातातून सुटतच नाही आणि वारा असला तर शेजाऱ्याच्या रानात. मी शेण, पोयटा माती आणि बी एकत्र कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून सावलीत वाळवते. एकरी दोन-अडीच किलो बी पुरतं. खोल पेरायचं नाही, बोटाच्या पेरापेक्षाही कमी, नुसती वरून काटेरी फांदी ओढायची. खोल गेलं की संपलं.

स्टायलोच्या बीचं साल कडक असतं, त्याला गरम पाणी लागतं. पाणी उकळलं की खाली उतरवून दोन-तीन मिनिटं थांबायचं, फडक्यात बी बांधून चार मिनिटं बुडवायचं आणि लगेच गार पाण्यात. उकळत्यात घालू नका, शिजेल. आमच्या शेजारणीनं शिजवलं होतं.

माणदेशी_माळकरी

दादा, ताई, लई उपकार. म्हणजे मी तणनाशक मारून जेवण देणाऱ्या आचाऱ्यालाच आधी मारायला निघालो होतो. एक विचारतो, ३ एकर मारवेल-स्टायलो झालं की माझी जनावरं वर्षभर निघतील ना? म्हणजे मग कडबा विकत घ्यायला नको. यंदा शेकडा पेंढ्या अडीच हजारानं घेतलाय, तो पण काळा पडलेला.

पेंढीचा_हिशोब

नाही निघणार भाऊ, कागदावर मांडून बघा.

मोठं जनावर दिवसाला साधारण १० किलो कोरडा चारा खातं (वजनाच्या अडीच-तीन टक्के धरा, पाणी सोडून), शेळी एक किलो. तुमची ४ मोठी म्हणजे ४०, शेळ्या १२, झाले ५२ किलो. वर्षाचे १९ टन. आता माळ. जिरायत मुरमाडावर चांगलं जमलेलं मारवेल एकरी दीड टन वाळलेलं देतं असं माझं मोजमाप आहे, पाऊस बरा झाला तर जास्त, रुसला तर एक पण नाही. ३ एकराचे साडेचार टन. पाव हिस्सा सुद्धा नाही. ४ एकर मालदांडीचा कडबा धरा सहा-सात टन. बेरीज अकरा. आठ टनांचं भोक राहतंच.

हे तुम्हाला निराश करायला नाही लिहिलं. आत्ता तुमचा माळ देतोय काय, अर्धा टन? तिथं साडेचार म्हणजे वर्षातले जवळजवळ तीन महिने काढले तुम्ही. पण जो कोण सांगतो तीन एकरात वीस जनावरं, त्याला विचारा पाणी कुठून आणतोस. कडब्यात पण वाया किती जातं बघा. कुट्टी न करता टाकला तर खालची धाटं गव्हाणीत तशीच राहतात, तिसरा हिस्सा शेणात. आधी कुट्टी मशीन घ्या, मग गवत लावा, दोन्हीत मशीनचा पैसा लवकर फिटतो. माझ्यापुरतं सांगतो, मी एक गाय कमी केली आणि दूध डेअरीला घालायचं तेवढंच राहिलं, कारण उरलेल्या दोघी पोटभर खायला लागल्या. घरात महिनाभर कुणी बोलत नव्हतं माझ्याशी, ती गाय आईची लाडकी होती.

आणि नेपिअर उपटू नका. १० गुंठ्यांऐवजी दोनच ठेवा, न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं. तेवढं ते पण जगतं.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्यक आहे, याच पट्ट्यात फिरतो. गवतापेक्षा मला दर वर्षी ज्याच्यासाठी रात्री उठावं लागतं ते सांगतो.

ज्वारी पावसाच्या ओढीनं खुरटली, गुडघ्याएवढी राहिली, की लोक म्हणतात दाणा तर येणार नाही, निदान जनावरांना तरी घालू. ती घालू नका. कोवळ्या आणि ताण बसलेल्या ज्वारीत विष असतं, किराळ लागणं म्हणतात ते हेच. कापलेल्या ज्वारीचा फुटवा तर त्याहून वाईट. जनावर अर्ध्या तासात आडवं होतं, मी येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. फुलोऱ्यावर आलेली ज्वारी किंवा पूर्ण वाळलेला कडबा चालतो. मारवेल, अंजन, पवन्या यांत ही भानगड नाही, दुष्काळी भागात ही गवतं हवीत ती मला मुख्य यासाठीच.

उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) घालत असाल तर नुसतं वाढं महिनोन्महिने नको, त्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. चुन्याची निवळी शिंपडून घाला, कडबा मिसळा. नेपिअरमध्येही ते असतं, अंजनमध्येही थोडं, पण गाई-बैलांना मिसळून घातलं तर काळजी नाही. घोडं असेल तर त्याला अंजनवर ठेवू नका.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर शेळ्यांना आंत्रविषाराची लस. वाळल्यावरून एकदम कोवळ्या हिरव्यावर सोडलेलं करडू सकाळी उड्या मारतं आणि दुपारी गेलेलं असतं. पहिले आठ-दहा दिवस माळावर सोडण्याआधी घरी थोडा कडबा खाऊ घालायचा, मगच.

मेंढका

सगळ्यांचं वाचलं. बंद करा, कुंपण घाला, शेळ्या आत येऊ देऊ नका. आमची जात धनगराची, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतो, पावसाळ्यात माघारी. पूर्वी माघारी आलो की गावाचं गायरान मोकळं असायचं. आता इथं प्लँटेशन, तिथं तारा, तिकडं सोलर. ज्याची स्वतःची ३ एकर हाय त्यानं बंद करावी, त्याचा हक्क हाय, पण गायरानपण बंद करून वरनं म्हणायचं मेंढरांनी माळ खाल्ला. माळ मेंढरानं नाय खाल्ला, एकाच जागंवर बारा महिने बांधल्यामुळं खाल्ला. आमचं मेंढरू एका रानात दोन रात्री पण थांबत नाय. ह्या माळकरी भाऊंच्या शेळ्या रोज त्याच वाटंनं त्याच माळावर.

एक सांगतो, फुकट हाय. गवत कापून झालं की दिवाळीच्या आसपास चार रात्री आमचा वाडा (मेंढरांचा तळ) तुमच्या माळावर बसवा. खत मिळंल. आमच्या आज्याच्या टायमाला शेतकरी त्याचं धान्य द्यायचा.

खडकाळ_शेती

मेंढकाभाऊ, बरोबर बोललात, मी बंद म्हटलं ते कायमचं नव्हे, पण तसं लिहायला हवं होतं. पहिलं वर्ष पूर्ण बंद, कारण कोवळा ठोंब शेळीनं ओढला तर मुळासकट हातात येतो. दुसऱ्या वर्षापासून माळाचे चार तुकडे करायचे. एकात चारायचं, तीन मोकळे. गवत मुठीएवढं राहिलं की पुढच्या तुकड्यात. एक तुकडा दर वर्षी बी पडेपर्यंत हात लावायचा नाही, पुढच्या वर्षी दुसरा. स्टायलोचं बी एकदा पडलं की दर पावसाळ्यात आपोआप उगवतं. शेळ्या आधी त्याला फारसं खात नाहीत, घाबरू नका, पावसाळा सरला आणि बाकी सगळं वाळलं की त्याच्यावरच तुटून पडतात, आणि नेमकं तेव्हाच ते हिरवं असतं. पेरताना एकरी एक गोणी सुपर फॉस्फेट टाका, स्टायलोला तेवढं पुरतं, युरिया नको.

कुंपणाला तारेत पैसे घालू नका, माळाच्या कडेनं घायपात नाहीतर शेर लावा. शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, पोरांना लांब ठेवा.

वाडा बसवायचं मी दोन वर्षं करतोय. जिथं वाडा बसला तो तुकडा लांबून ओळखू येतो, गवताचा रंगच वेगळा.

माळावरचा_लांडगा

मी शेतकरी नाही, गवताळ रानांवर काम करतो, म्हणून दोनच वाक्यं. कागदोपत्री 'पडीक' लिहिलेला माळ खरंतर पडीक नसतो, पवन्या, डोंगरी गवत, मारवेल असलेली जुनी कुरणं म्हणजे चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी आणि एके काळी माळढोक यांची घरं, त्यामुळं स्वतःच्या मोडलेल्या माळावर स्टायलो टाका पण जुन्या चांगल्या कुरणात आणि गायरानात बाहेरचं काही पेरू नका, झाडं तर मुळीच नको. बी हवं असेल तर आपल्याच शिवारातल्या पवन्याचं दिवाळीच्या आत हातानं ओरबाडून ठेवा, त्याच्याएवढं तुमच्या मातीला ओळखणारं बी दुकानात मिळणार नाही.

विहिरीचा_तळ

दोन वाक्यं म्हणून केवढं मोठं वाक्य लिहिलं लांडगेभाऊ 😄 पण पटलं.

कुणी काटे नसलेलं निवडुंग लावलंय का? उरुळीकांचनला बायफ संस्थेत बघितलं होतं मी, गाय खाताना पण बघितली.

जतची_ताई

लावलंय, बांधावर वीस पानं. जगतं मस्त, त्यात सगळं पाणीच असतं त्यामुळं उन्हाळ्यात बरं, पण नुसतं घातलं की शेण पातळ. कुट्टीत मिसळून थोडं थोडं. एक पान लावलं की वर्ष-दीड वर्ष हात लावायचा नाही, तेवढा धीर पाहिजे, आमच्या मेंढ्यांना नव्हता.

माणदेशी_माळकरी

बरं मंडळी, काल-परवा वडलांना हे सगळं वाचून दाखवलं. तणनाशकाचं ऐकून म्हणाले बरं झालं विचारलंस. मग उठून मला माळावर घेऊन गेले आणि वरच्या ताशीला, जिथं खडकाच्या फटीत शेळ्यांचं तोंड पोचत नाय, तिथं बोट दाखवलं. मारवेलचे चार ठोंब, वाळलेले, पण बुडाशी नख मारून बघितलं तर आत ओलसर पांढरं. म्हणाले हे आम्ही ल्हान होतो तवा सगळीकडं होतं, आम्ही ह्याला नाव पण घेत नव्हतो, नुसतं गवत म्हणायचो.

ते चार ठोंब ह्या पावसाळ्यात काढून विहिरीजवळच्या गुंठ्यात लावणार. चारचे सातशे व्हायला किती वर्षं लागतील ते पेंढीवाल्या भाऊंनी सांगा, तोवर शंभर-दोनशे ठोंब राहुरीहून आणायचं बघतो. कुट्टी मशीन एकानं सेकंडहँड सांगितलंय, मोटर दोन एचपीची हाय, घ्यावी का? शेळ्या बंद करायचं मात्र घरात अजून बोललो नाय, त्या बायकोच्या हायत.

आणि मेंढकाभाऊ, दिवाळीत ह्या बाजूनं उतरणार असाल तर माळ मोकळा हाय. धान्य काय जास्त देणं व्हायचं नाय, पण विहिरीत तेवढ्यापुरतं पाणी असतंय.

मेंढका

पाणी हाय म्हणल्यावर येतो. कुत्री बांधून ठेवा.